रालामंडलची दुपार
ऑफिसच्या कामाने इंदूरला आलोय, आज मीटिंग बारालाच संपली आणि पुण्याची बस रात्रीची, म्हणून लोकमान्य नगरातल्या आत्याला विचारलं कुठे जाऊ, तर म्हणाली "राजवाडा नेहमीचाच रे, रालामंडलला जाऊन ये". गेलो!! १९८९ पासूनचं अभयारण्य, शहराच्या इतकं जवळ असेल वाटलंच नव्हतं. टेकडी चालतच चढलो, वाटेत चितळांचा कळप थांबून माझ्याकडे बघत राहिला, मी पण हललो नाही, चांगली पाच मिनिटं तरी. वर होळकरांचं जुनं शिकारगृह आहे, जिथे शिकारीला यायचे तिथेच आता हरणं निवांत चरतात, हे फार भावलं मला. फोटो दोनच काढले. आता आत्याकडे चहाला, पुढच्या वेळी तिलाही घेऊन येणार नक्की.