आमची वाटचाल: हुपरीच्या मुशीतून भोसरीच्या गाळ्यात

आमचं घर कोल्हापूरजवळच्या हुपरीचं, चांदीच्या पैंजणाच्या कामातलं. मूस, आटणी, टंच (चांदीचा कस), घट (कामात वाया जाणारी चांदी) हे शब्द शाळेत जायच्या आधीच कानावर पडलेले. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी भोसरीत गाळा घेतला आणि चांदीची भुकटी करायला लागलो, तेव्हा आबा म्हणाले, "चांगल्या चांदीची माती कराय लागलास व्हय रं?"

वॉशिंग मशीनच्या बटणांखाली प्लास्टिकवर करड्या रेघा छापलेल्या असतात. त्या या भुकटीच्या शाईच्या. कणाला कण टेकतो म्हणून वीज वाहते. तांबं वीज वाहण्यात चांदीच्या पाठोपाठच. पण त्याचा बारीक कण हवेत लगेच ऑक्साइड धरतो आणि वाट अडते.

चांदी नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि क जीवनसत्त्वाचं द्रावण, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, थेंबाथेंबाने सोडून पुन्हा कणरूपात खाली बसवायची. कृती एवढीच. पण पाणी दोन अंशांनी गरम झालं किंवा ढवळणी मंदावली की कण बदलतो. पहिल्या दिवशी मी नळाचं पाणी घेतलं आणि सगळं द्रावण दुधासारखं पांढरं झालं. पाण्यातल्या क्लोराइडने चांदी धरली होती. आज धुवणाच्या पाण्यातली उरलीसुरली चांदी आम्ही मीठ घालून तशीच परत मिळवतो.

पहिली मोठी ऑर्डर, पाच किलोची, परत आली. सूक्ष्मदर्शकाखाली कण 1 ते 2 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हवे तसे. पण वाळताना त्यांच्या गुठळ्या झाल्या आणि छपाईच्या जाळीत अडकल्या. तो माल पुन्हा आटवताना जीव तुटला. उत्तर सापडलं माझ्या पत्नीला. भुकटी ओली असतानाच कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप द्यायचा, मग वाळवायची. त्याच लेपामुळे पुढे बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी कुटणाऱ्या फिरत्या पिंपात, कण एकमेकांना न चिकटता चपटे होऊ लागले. चपटे कण शाईत कौलांसारखे एकावर एक बसतात आणि रेघेतून वीज जास्त चांगली वाहते. आमची खरी कमाई ही.

आबा आजही फोनवर आधी घट विचारतात, मग नातवंडं.

चांदी महागल्यापासून गिऱ्हाईक चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची भुकटी मागतंय. मुलाम्याखालचं तांबं ऑक्साइड धरतं का ते बघायला पहिल्या नमुन्याच्या पट्ट्या 85 अंश सेल्सिअस उष्णता आणि 85 टक्के आर्द्रतेच्या पेटीत ठेवल्या आहेत. 1000 तास भरल्याशिवाय एक ग्रॅमही गाळ्याबाहेर जाणार नाही.