रिळांचा डबा

बिस्किटांच्या निळ्या, गोल पत्र्याच्या डब्यात बिस्किटं सापडणं हे आपल्याकडे नशीबच. आमच्या बालवाडीतल्या डब्यात माळा ओवायच्या दोऱ्याची रिळं असतात. श्रावणातल्या एका पावसाळी सकाळी मुलांना अंगणात सोडता येईना, तेव्हा मी तो डबा काढला.

साडेतीन-चार वर्षांची सातआठ पोरं भोवती बसली. "डब्यात काय असेल?" झाकणावर बिस्किटांचं चित्र, त्यामुळे एका सुरात उत्तर आलं. सगळ्यांत मोठा आवाज बंड्याचा (घरी त्याला वेगळं म्हणतात), वय तीन वर्षं चार महिने. झाकण उघडलं. रिळं बघून सगळ्यांचे चेहरे पडले. मी झाकण लावलं आणि बंड्याला विचारलं, "उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं, आत काय आहे?"

"रिळं."

"अरे, आत्ता तर बिस्किटं म्हणालास!"

"नाही. रिळं."

आमच्या मदतनीस मावशी दारातूनच म्हणाल्या, "बघा बाई, किती धडधडीत खोटं!" आणि मीही, लाज वाटते सांगायला, बोट उगारून "खोटं बोलू नये" म्हणून मोकळी झाले. बंड्याचे डोळे भरून आले. खोटं पकडलं गेलेल्या पोराचे डोळे मी पुष्कळ पाहिलेत, ते इकडेतिकडे पळतात. याचे डोळे माझ्यावरच खिळलेले होते. आपल्याला का रागावतात, हे त्याला कळत नव्हतं.

तेव्हा मला प्रशिक्षणातला धडा आठवला. 1988 साली ॲलिसन गॉपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच केलं होतं. गोळ्यांच्या डब्यातून पेन्सिली काढून दाखवल्या आणि विचारलं, आधी तुला काय वाटलं होतं? तीन वर्षांच्या बहुतेक मुलांनी "पेन्सिली" सांगितलं, पाच वर्षांची सहसा चुकली नाहीत. परीक्षेत मी यावर पानभर लिहिलं होतं. समोर जिवंत पोर बसलं तेव्हा मात्र बोट उगारलं.

लहान मुलाला जे आत्ता ठाऊक आहे, ते त्याला पहिल्यापासूनच ठाऊक होतं असं वाटतं. आपली समजूत चुकली होती आणि मग बदलली, हे कळायला आधी समजूत नावाची काही चीज डोक्यात असते हे कळावं लागतं. आपल्या भाषेतली एक गंमत बघा. "मला वाटलं होतं" म्हटलं, की तसं निघालं नाही हे बहुतेक वेळा न सांगताच कळतं. पण बंड्याला तेव्हा फक्त भीती वाटायची, गार वाटायचं. 'वाटणं' अजून अंगावरच होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

म्हणून दुसरा प्रश्न विचारला. "आज्जी आत्ता न्यायला येईल. तिने हा बंद डबा पाहिला, तर तिला काय वाटेल?"

"रिळं," बंड्या लगेच म्हणाला. शेजारची छकुली साडेचारची. ती त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघून म्हणाली, "तिला कुठे माहितेय?"

हे एवढ्यावर राहिलं असतं, पण आज्जी खरंच आल्या. छत्री कोपऱ्यात टेकवली, डबा पाहिला आणि म्हणाल्या, "अगंबाई, आज बिस्किटं वाटताय व्हय?"

छकुलीने दोन्ही हात तोंडावर दाबले. हसू आवरेना तिला. बंड्या मात्र आज्जीकडे, मग डब्याकडे, मग परत आज्जीकडे बघत राहिला. चिडला नाही, हसला नाही. एकच वाक्य ऐकून एका पोराला हसू फुटतं आणि दुसऱ्याच्या कपाळाला आठी पडते. वर्षाच्या अंतराची दोन मुलं मी रोज एकाच सतरंजीवर बसवते, पण हे अंतर इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. आज्जींच्या कडेवर बंड्याची दीड वर्षाची बहीण होती. भिंतीवरच्या आरशात बघून ती स्वतःच्या गालावरची तीट पुसत होती. आरशातली ती मीच, एवढं तिला उमगलेलं. आज्जीच्या डोक्यात काय चाललंय ते उमगायला तिला अजून वेळ होता आणि तिच्या दादालाही.

आज्जींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग घरीबी तेच. दूध सांडतंय अन् म्हनतंय, मी नाही. आम्ही दोन धपाटे घालतो." मी म्हटलं, ते दूध निराळं. मार चुकवायला 'नाही' म्हणणं लवकर येतं. पण आपल्याला आधी काय वाटलं होतं ते सांगता न येणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. त्यांना कितपत पटलं कोण जाणे. धपाटे थांबले की नाही, तेही विचारलं नाही. बंड्याला मात्र मी दुसऱ्या दिवशी जवळ घेऊन म्हटलं, "काल तू खोटं बोलला नव्हतास, ताईच चुकली." त्याला त्याचं काही नव्हतं, तो विसरलाही होता.

होळी झाली आणि चिंचा निघाल्या. एका सकाळी बंड्या केळ्याच्या वेफर्सची पिशवी पाठीमागे लपवत आला. "ताई, ओळख, आत काय?" पिशवी खडखड वाजत होती. मी म्हटलं, "वेफर्स!"

त्याने पिशवी उपडी केली. मूठभर चिंचोके सतरंजीवर घरंगळले. पोट धरून हसला. मग एकेक चिंचोका वेचून परत पिशवीत भरला, तोंड घट्ट मुरगळलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आज्जीला सांगू नको हं."