मुका फिल्टर नॉब अखेर बोलला

तीन आठवडे छळणारा बग काल रात्री सापडला! मी ब्राउझरमध्ये चालणारा सिंथ (आवाज तयार करणारं वाद्य) बनवतोय. मागच्या नोंदीपर्यंत त्याच्या सगळ्या नॉबना, म्हणजे फिरवायच्या बटणांना, त्यांना पोटात घेणाऱ्या वरच्या रॅककडून एकच ऑडिओकॉन्टेक्स्ट (ब्राउझरचं आवाज-इंजिन) मिळायला लागला होता. मागणी ओळखणारी किल्ली (सिम्बॉल) दोनदा बंडल होण्याचा, म्हणजे तिच्या दोन प्रती बनण्याचा, घोळही मिटला होता. पण पान पाच-सहा वेळा रिफ्रेश केलं की एकदा तरी फिल्टर नॉब मुका. फिरतोय, आकडा बदलतोय, आवाजात काडीचा फरक नाही.

आणि कन्सोल (ब्राउझर चुका दाखवतो ती जागा) अगदी स्वच्छ. अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये प्रोव्हायडर (मागितलेली वस्तू पुरवणारा) नसेल तर नल-इंजेक्टर एरर समोर येऊन उभा राहतो, व्ह्यू (Vue) हे फ्रेमवर्क निदान इशारा तरी देतं. नुसत्या कस्टम एलिमेंट्सवर (स्वतः बनवलेले एचटीएमएल टॅग; माझे नॉब आणि रॅक तसेच आहेत) कॉन्टेक्स्ट-रिक्वेस्ट, म्हणजे मागणीचा इव्हेंट सोडला की तो एकेका बाहेरच्या टॅगमधून बबल होत वर जातो आणि ऐकणारा कुणी नसेल तर गुपचूप विरतो.

शेवटी नॉब आणि रॅक दोघांच्या कनेक्टेड-कॉलबॅकमध्ये (टॅग पानाला जोडला की चालणारा कोड) वेळ छापली. बिघडलेल्या प्रत्येक रिफ्रेशला नॉब आधी, रॅक नंतर! फिल्टर नॉबची फाइल वेगळी आणि चिमुकली, डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे पान चालू असताना वेगळी मागवलेली. कधीकधी ती रॅकचा कोड असलेल्या मोठ्या बंडलच्या आधी पोचते. टॅग डिफाइन झाला, म्हणजे त्याचा कोड ब्राउझरकडे नोंदला गेला, की पानावरचा टॅग तिथल्या तिथे अपग्रेड होतो (जिवंत होतो) आणि मागणी सोडतो. त्या क्षणी रॅकचा टॅग डीओएममध्ये (पानाच्या टॅगांच्या झाडात) असतो, पण अपग्रेड झालेला नसतो. लिसनरच (इव्हेंट ऐकणारा) नाही, तर उत्तर कोण देणार?

आधी सेटटाइमआउट (ठरावीक वेळ थांबवणारा टायमर) लावून पाहिला. लॅपटॉपवर चालला, फोनवर पुन्हा तेच. मग व्हेन-डिफाइन्डने नॉबला रॅकची वाट पाहायला लावलं. हे बिनचूक चाललं, तरी काढून टाकलं, कारण त्यासाठी नॉबला रॅकचं टॅगनाव माहीत असावं लागतं. ऑडिओ कोण पुरवतो हे नॉबला कळू नये म्हणून तर इंजेक्शनचा (लागणारी वस्तू बाहेरून पुरवण्याचा) एवढा खटाटोप!

टिकलेला उपाय लिट या लायब्ररीच्या कॉन्टेक्स्ट-रूटवरून घेतला. डॉक्युमेंटवर एक लिसनर ठेवला. वाऱ्यावर गेलेल्या मागण्या तो जपून ठेवतो. रॅक जागा झाला की ‘मी आलो’ असा इव्हेंट सोडतो आणि थांबलेल्या मागण्या पुन्हा सोडल्या जातात. मागणारं एलिमेंट वीकरेफमध्ये (मेमरी अडवून न धरणाऱ्या दुव्यात) ठेवलंय, म्हणजे काढून टाकलेले नॉब मेमरीत अडकून राहत नाहीत. एक ठेच मात्र लागली: मी इव्हेंटचं टार्गेट साठवत होतो, पण नॉब दुसऱ्या टॅगच्या झाकलेल्या आतल्या भागात (शॅडो डीओएममध्ये) असेल तर डॉक्युमेंटपाशी टार्गेट म्हणून तो बाहेरचा टॅग, म्हणजे शॅडो होस्ट, दिसतो. खरा मागणारा कंपोझ्ड-पाथच्या (इव्हेंट ज्या टॅगांतून गेला त्या यादीच्या) शून्याव्या जागी सापडतो. तो बदल केला आणि सलग पन्नास रिफ्रेश केले. पन्नासही वेळा फिल्टर वाजला. तो आवाज मी नुसता ऐकत बसलो होतो.

पुढे प्रीसेटचं (साठवून ठेवलेल्या आवाजांच्या सेटिंग्जचं) काम घेणार होतो, पण हे लिहिता लिहिताच एक भोक दिसलं. रॅकमध्ये रॅक असेल आणि आतला उशिरा अपग्रेड झाला, तर मागणीला बाहेरचा रॅक आधीच उत्तर देऊन मोकळा होतो. ती डॉक्युमेंटपर्यंत पोचतच नाही, आणि नॉब कायमचा चुकीच्या रॅकला चिकटतो. म्हणजे ‘मी आलो’ हा इव्हेंट बाहेरच्या रॅकनेही ऐकायला हवा, आणि नव्या रॅकच्या पोटातल्या नॉबना पुन्हा मागणी करायला लावायला हवी. प्रीसेट बाजूला. आज रात्री आधी दोन रॅक एकात एक घालून हा बग मुद्दाम घडवून आणतो.