वडगावचे माग, माझे कान आणि माझा विसरभोळेपणा

साठी ओलांडलेल्या बाईनं चार गोष्टी विसरल्या तर घरात कुणाला नवल वाटत नाही. पण मी घरी ब्लाउज शिवते, आणि शिलाईत विसरून भागत नाही. कुणाच्या बाहीला अस्तर, कुणाला मागं हूक, कुणाचा गळा किती खोल, हे मी वही न उघडता सांगायची. दिवाळीच्या घाईत गिऱ्हाईकं "सांगितलं होतं की मावशी" म्हणायला लागली. सूनही तेच म्हणायला लागली, तेव्हा मात्र मी धसका घेतला. सासूबाई शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हत्या. डोक्यात पहिलं तेच आलं.

शेजारणींनी भिजवलेले बदाम सांगितले, एकीनं ब्राह्मीचं तेल आणून दिलं. बदाम खाल्ले. चवीला चांगले लागतात, एवढंच मी सांगू शकते.

शेवटी मुलानं डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी गोळ्यांची पिशवी पालथी केली. शुगरसाठी कित्येक वर्षं मेटफॉर्मिन, सकाळी उठल्याउठल्या ॲसिडिटीची गोळी, आणि आम्ही माळकरी, म्हणजे मासे-अंडी बंद. या दोन्ही गोळ्या बरीच वर्षं घेतल्या तर अन्नातलं बी-12 हे जीवनसत्त्व अंगी कमी लागतं, आणि शाकाहारात ते मुळातच थोडं, तेही दूध-दह्यातूनच. बी-12 घटलं की विसरायला होतं, पायाला मुंग्या येतात. रक्त तपासायला दिलं, त्यात थायरॉइडही.

मग स्मरणशक्तीची परीक्षा. डॉक्टर कन्नड. "अक्का, मराठीत विचारू का कन्नडात?" मी म्हटलं, बोलायला दोन्ही चालतं, पण लक्षात ठेवायचे शब्द मराठीत द्या. त्यांनी तोंडावरच्या मास्कमधूनच तीन शब्द सांगितले आणि लगेच म्हणायला लावले. मी म्हटलं, "तूप, आंबा, कात्री." ते थांबले. मास्क खाली करून पुन्हा म्हणाले, "सूप." मग शंभरातून सात, पुन्हा सात वजा करत जायचं होतं. टेपवर आयुष्य गेलं, ते पटापट झालं. घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, तीही दाखवली. नंतर ते तीन शब्द परत विचारले, तिन्ही आठवले.

"अक्का, तुम्ही विसरत नाही. आत जातानाच चुकीचं जातंय." त्यांनी कान तपासायला पाठवलं.

मी बेळगावातल्या वडगावची. माहेरी माग, सासरीही माग. पॉवरलूमच्या त्या खटखटीत आम्ही खाणाखुणांनी बोलायचो, पोरं तिथंच झोपवायचो. आवाज बंद झाला की उलट जाग यायची. कानाच्या चाचणीत एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, बारीक टीं ऐकू आलं की बटण दाबायचं. माझ्या तक्त्यावरची रेघ डावीकडं, म्हणजे जाड आवाजांना, ठीक होती आणि उजवीकडं, म्हणजे उंच आवाजांना, घसरत गेली होती. मागाच्या गोंगाटानं उंच पट्टीचे आवाज आधी जातात, चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचे. बोलण्यातले स, श, फ हे त्या बाजूचे आणि मुळात नाजूक. स्वर जाड, ते ऐकू येतात. त्यामुळं कुणी बोलतंय हे कळायचं, पण साठ म्हटलं की आठ, ते कळायचं नाही. मी अंदाजानं मान हलवायची. सगळं डोकं अंदाज बांधण्यात गुंतलं की लक्षात ठेवायला उरतं काय? डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या पण हाताळता येण्याजोग्या 14 गोष्टींची यादी 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीत बहिरेपण आहे, मधुमेहही आहे. माझ्याकडं दोन्ही.

रिपोर्टात थायरॉइड ठीक, बी-12 कमी. इंजेक्शनं घेतली. पायाच्या मुंग्या कमी झाल्या.

कानाच्या मशीनला मात्र मी बरेच दिवस टाळलं. खर्च, आणि वर लोक काय म्हणतील ते. एका दुकानात सगळ्यात महागडं गळ्यात मारायचा प्रयत्न झाला. चाचणीच्या तक्त्याप्रमाणं ते नीट बसवून घेणं महत्त्वाचं, किमतीत काही नाही. सुरुवातीला वैताग आला. स्टीलची ताटं, नळ, माझंच शिलाई मशीन, सगळं अंगावर येत होतं. काढून ठेवू नका, डोक्याला सवय व्हायला वेळ लागतो, असं सांगितलं होतं म्हणून घालत राहिले.

मग सवयी बदलल्या. गिऱ्हाईकानं सांगितलेलं तिथंच मोठ्यानं परत म्हणते. ती बाई अंगणातून बाहेर पडली की मनात एकदा, आणि रात्री वही उघडायच्या आधी पुन्हा एकदा, मग वहीशी ताडून बघते. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच केलेला प्रयोग छापला होता. निरर्थक अक्षरं पाठ केली तर तासाभरात निम्म्याहून जास्त जातात, हे त्यानं मोजलं. म्हणून पहिली उजळणी लवकर.

बाजाराची यादी मनातल्या मनात रस्त्यावर मांडते. नाथ पै चौकात हुकांचा ढीग, शिवाजी उद्यानाच्या फाटकाला लोंबणारी लेस, कपिलेश्वरच्या पुलावर आडवं पसरलेलं अस्तर. गणपत गल्लीत पोचेपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. चित्र जितकं वेडंबिद्रं तितकं बरं. नावं मात्र अजून निसटतात, त्यावर उपाय सापडला नाही.

इथल्या पावसाळ्यात दमटपणानं कानाचं मशीन बिघडतं, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवते. माझी धाकटी जाऊ अजून मागावर बसते. कानात नुसता कापूस कोंबून उपयोग नाही, आवाज अडवणारे इअरप्लग घाल, असं तिला येता-जाता सांगते. ती "हो हो" म्हणते. ऐकू आलं का, देव जाणे.