आठशेचं भटकणं: समोरचे बुश, रॅक आणि अलाइनमेंटचा कागद

गाडी १९९९ ची, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरची. इंजिनचं काम हिवाळ्यात उरकलं, आता मुक्काम समोरच्या चाकांपाशी.

तक्रार अशी की गावात काही कळतच नाही. रंकाळ्याला फेरी मारा, राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं फिरवा, गाडी शहाण्यासारखी चालते. तावडे हॉटेलजवळ हायवेला लागून काटा साठच्या पुढं गेला की मग खेळ सुरू. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी स्वतःच्या मनानं डावीकडं निघते, ती आवरावी तर उजवीकडं जाते. शेजारनं एसटी किंवा उसाचा ट्रक गेला की वाऱ्यानं अर्धा हात सरकते. मुळात साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आणि बारा इंची चाकं, तेव्हा थोडं हलणं तिच्या पिंडातच आहे. पण हे त्याच्या पलीकडचं होतं. कागलपर्यंत जाऊन येईतो मनगटं भरून यायची.

अशा वेळी बहुतेक मंडळी आधी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवायला पळतात. मी उलट क्रम धरला: आधी गाडी नेमकं काय करते ते ओळखायचं. तीन वेगळ्या रोगांना आपण सरसकट ‘गाडी ओढते’ म्हणतो. एकाच बाजूला सतत जाणं ही खरी ओढ. तिच्यामागं टायर, हवा, चिकटलेला ब्रेक किंवा दोन चाकांच्या कोनातला फरक असतो. वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत न येणं, ज्या बाजूला शेवटचं वळवलं तिकडंच गाडीनं रेंगाळणं, हा दुसरा रोग. त्यात स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या उभ्या खांबाच्या) वरचं बेअरिंग किंवा रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दातेरी दांडा, जाम असतो. आणि कधी इकडं, कधी तिकडं, पत्त्याविना फिरणं हे भटकणं. त्याचं मूळ कुठंतरी ढिलेपणात असतं, नाहीतर टो (वरून बघताना दोन्ही चाकांची तोंडं आत किंवा बाहेर किती वळलीत ते) बाहेर गेलेला असतो.

माझ्या गाडीची आणखी एक खोड होती आणि सगळा उलगडा तिच्यातच होता. सपाट रस्त्यावर सत्तरला असताना ॲक्सिलरेटर सोडला की नाक जरा डावीकडं, परत दाबला की जरा उजवीकडं. ब्रेक लावला की तेच, जास्त जोरानं. पुढच्या चाकांवर इंजिनचा जोर येणारी गाडी असं वागायला लागली की माझा पहिला संशय त्या भागावर जातो, जो चाकाला पुढं-मागं जाण्यापासून रोखतो. आठशेत हे काम वेगळा रॉड करत नाही. चाकाला खालनं धरणारा लोअर आर्म आतल्या बाजूला एकाच बोल्टवर झुलतो आणि त्याला पुढं-मागं धरून ठेवतो तो स्टेबिलायझर बार. म्हणजे इतर बऱ्याच गाड्यांत जो बार फक्त वळणावर गाडीचं कलंडणं कमी करायला असतो, तो इथं दोन कामं करतो. त्याच्या टोकाचे रबरी बुश (सांध्यातल्या गाद्या) खाल्ले गेले की आर्मचं बाहेरचं टोक मोकळं होतं. ब्रेक लावला की ते मागं जातं, कॅस्टर (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, आणि कॅस्टर गेला की स्टेअरिंगला सरळ राहायची इच्छाच उरत नाही.

तरी लगेच पाना घेतला नाही. आधी फुकटातल्या गोष्टी. हवा थंड टायरात भरली, दोन्ही बाजूंना सारखी. टायरची जन्मतारीख बघितली: बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. समोरचे दोन्ही टायर बरेच म्हातारे निघाले, पण गुटी (रस्त्याला टेकणारी नक्षी) कशी आहे ते हातानं तपासलं. तळवा आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवायचा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं की टो बिघडलेला आहे. डावा टायर तसा लागला. मग पुढचे मागं, मागचे पुढं केले. खोड आहे तशीच राहिली, म्हणून टायरवरचा संशय काढून टाकला.

पुढची पायरी चाकं जमिनीवर ठेवूनच. पुतण्याला आत बसवलं आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू डावं-उजवं करायला सांगितलं, रॅक हलेल न हलेल एवढंच. हा तपास जॅकवर करायचा नाही. चाक हवेत असलं की ते रॅकबरोबर सहज फिरतं आणि झिजलेला जॉइंटही धडधाकट वाटतो. मी खाली झोपून टाय रॉड एंडवर, म्हणजे रॅकपासून चाकाकडं जाणाऱ्या रॉडच्या टोकाच्या सांध्यावर अंगठा ठेवला. डोळ्याला काही दिसलं नाही, पण डाव्या बाजूला अंगठ्याखाली बारीक टक, टक लागत होतं. रॉड आधी हलायचा, मग चाक. उजव्या बाजूला दोन्ही एकदम. “काका, अजून हलवू?” असं वरनं विचारणं चालूच होतं, कारण पोराला मजा येत होती.

मग जॅक, आणि नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर गाडी. चाक बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून आत-बाहेर ढकललं. उजव्या चाकाला थोडा खेळ होता. इथं एक सोपी युक्ती आहे: पुतण्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं आणि परत हलवलं. खेळ नाहीसा झाला. ब्रेक दाबला की कॅलिपर डिस्क पकडतो आणि हब (चाक बसतं तो फिरता भाग) नकलला (त्याला धरणाऱ्या न फिरणाऱ्या भागाला) बांधला जातो. म्हणून तेव्हा खेळ गेला तर हब बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) किंवा आर्म. टॉमी (लोखंडी पहार) घालून बॉल जॉइंटही उचकून बघितला, तो ठणठणीत होता.

स्टेबिलायझर शेवटी ठेवला होता. गाडी खाली घेतली, बारवर बुशाच्या वॉशरला लागून खडूची रेघ मारली. सपाट जागी पुतण्यानं गाडी ढकलत्या वेगात थोडी पुढं सोडायची आणि ब्रेक मारायचा, तेवढ्यात मी लांबनं बघायचं. डाव्या बाजूला वॉशर रेघेपासून बोटाच्या पेराएवढा सरकून परत जागेवर येत होता. उजव्या बाजूला जेमतेम हालचाल. ॲक्सिलरेटर आणि ब्रेकची खोड हातात सापडली.

आता तो अलाइनमेंटचा कागद. शहरातल्या एका दुकानात आधीच एकदा करून घेतलं होतं. त्यात डाव्या चाकाचा कॅस्टर उजव्यापेक्षा जवळपास एक अंश कमी दाखवला होता, आणि तो आकडा तसाच ठेवून फक्त टो फिरवून गाडी परत दिली. आठशेला कॅस्टर जुळवायला जागाच नाही, समोर फक्त टो जुळतो, तेव्हा त्यांनी हात लावला नाही हे एका अर्थी बरोबर. पण जो कोन जुळवता येत नाही तो चुकलेला दिसत असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा ढिलं झालंय एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगायला हवं होतं. ढिल्या बुशावर लावलेला टो पहिल्या ब्रेकला बदलतो. कागदावरचे हिरवे आकडे त्या एका क्षणापुरते खरे.

सामान जुळवायला वेळ लागला नाही. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण सुटे भाग अजून गल्लोगल्ली मिळतात. दोन्ही बाजूंचे स्टेबिलायझर बुश, आर्मचे आतले बुश, डावा टाय रॉड एंड, उजवं बेअरिंग. बेअरिंग आणि आर्मचे बुश प्रेसवर दाबून घ्यायला उद्यमनगरात गेलो. तिथल्या टर्नरला बुश दाखवला तर म्हणाला, “रबर कशाला घालताय? नायलॉनचा काढून देतो की, गाडी मोडीत जाईल, ह्यो राहील.” तो नक्की काढून देईल. उद्यमनगरातल्या लेथवर तुम्ही फक्त चित्र काढून द्या, वस्तू संध्याकाळपर्यंत हातात. पण इथं मी नको म्हटलं. चाक वर-खाली होताना बारचं टोक आर्ममध्ये थोडं वाकडं व्हावंच लागतं, आणि ते वाकणं रबरच सोसतं. कडक बुशानं तोच ताण आर्मवर आणि बारच्या आट्यांवर येणार, वर प्रत्येक खड्डा दातात लागणार.

जुना डावा बुश काढला तेव्हा चेहराच बघण्यासारखा होता. भोक गोल राहिलेलं नव्हतं, एका बाजूला लांबट झालेलं. एका अंगाला रबर कागदासारखं पातळ, दुसऱ्या अंगाला जाड आणि चिरा पडलेलं. वॉशर आतून आरशासारखा घासलेला आणि त्याच्याभोवती काळी पूड.

बसवताना एकच पथ्य, आणि ते सगळ्या रबरी बुशांना लागू: आर्मचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. हाताला लागतील एवढे ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, बंपर दोन-तीनदा दाबून सोडायचा आणि मगच पूर्ण आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या स्थितीत राहतं आणि वर्षभरात फाटतं. टाय रॉड एंड काढण्याआधी बाहेरचे आटे मोजून ठेवले आणि नवा तेवढाच आत घेतला, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी चालवण्याजोगी राहते. कॅसल नटला, तो सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन नवी.

दुसऱ्या दुकानात अलाइनमेंट केलं. आता दोन्ही बाजूंचा कॅस्टर एकमेकांच्या अगदी जवळ आहे, आणि तो कुणी जुळवलेला नाही, बुश जागेवर आल्यावर आपोआप आला. टो जुळवताना दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायला सांगितले. एकाच बाजूनं टो काढला तर स्टेअरिंगचा दांडा तिरका राहतो.

कागलपर्यंत जाऊन आलो. सहापदरीकरणाच्या कामासाठी वळवलेल्या रस्त्यांवरच्या कडांवर अजून धडधडते, ते टायरचं वय आहे. पण सत्तरला ॲक्सिलरेटर सोडला तरी नाक हलत नाही, आणि ब्रेक सरळ लागतो. पन्हाळ्याच्या वळणांवर स्टेअरिंग हातातनं सोडलं की आपण होऊन मध्यावर येतं, हे या गाडीत मी पहिल्यांदा बघितलं.

दोन गोष्टी बाकी आहेत. स्टेअरिंग अगदी मध्यावर असताना अजून किंचित खेळ आहे, तो रॅकचा. ड्रायव्हरच्या बाजूचा रॅकचा बूट (रबरी आवरण) फाटला होता, पावसाळ्यातलं तांबडं पाणी आत गेलेलं. बूट बदलला. मेस्त्री म्हणतात, “रॅकच्या खालचा स्क्रू पाव आटा आवळूया, खेळ जातोय बघा.” मी थांबवलंय. रॅक सरळ चालताना जिथं वापरला जातो तिथंच, मधोमध झिजतो. मध्यावरचा खेळ संपेपर्यंत स्क्रू आवळला तर टोकाच्या न झिजलेल्या दातांवर तो आवळून बसेल, वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत येणार नाही, आणि भटकणं जाऊन अडकणं येईल. आवळायचाच तर स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघत, थोडा थोडा.

दुसरी गोष्ट मागची. मोठ्या खड्ड्यात मागचं टोक बाजूला झटका देतं. मागचा ॲक्सल आडवा धरणाऱ्या लॅटरल रॉडचे बुश बघायला हवेत, कारण मागचा ॲक्सल तिरका झाला तर तोही गाडी वळवतोच. पुढच्या रविवारी रॉड उतरवतोय. बुश मिळाला तर तोच, नाही मिळाला तर अख्खा रॉड.