दांडा बाहेरून हलला पाहिजे, बास

गेलं वर्षभर डोक्यात एकच खूळ होतं, शंटिंगच्या (यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या) छोट्या डिझेल इंजिनाचं मॉडेल हवं आणि खिशाला परवडणारं हवं. लहानपणी परळला मामाकडे गेलो की रेल्वे वर्कशॉपच्या बाजूला डब्ल्यूडीएस-4 हे शंटिंगचं इंजिन दिसायचं, ठेंगणंठुसकं, चाकांना जोडणारा दांडा वरखाली करत डबे ढकलत जायचं, मेलच्या मोठ्या इंजिनापेक्षा मला तेच आवडायचं. त्याचं मॉडेल मला परवडेल अशा भावात काही दिसलं नाही. पण सध्या राहतो इंग्लंडमधल्या डर्बीत, आणि इथलं क्लास 08 नावाचं शंटिंग इंजिन साधारण त्याच जातकुळीतलं, तीन जोड्या चाकं आणि बाहेर दांडा. 1952 ते 1962 या काळात 996 बनवली, त्यातली बरीच डर्बीतच. ताकद 350 हॉर्सपॉवर आणि वेग तासाला जेमतेम 15 मैल, म्हणजे सायकलवाला आरामात पुढे जाईल!

नवीन चांगलं मॉडेल शंभर पौंडांच्या वर. बायकोने फक्त एवढंच विचारलं की "तू ते चालवणार कुठे, डायनिंग टेबलवर?" (हो.) म्हणून सेकंडहँड बघायला लागलो.

आणि इथेच खरी गंमत. जुन्या ट्रेन-सेटमधली 08 वीस-पंचवीस पौंडांतही मिळतात, रंग झकास, लांबून बघितलं तर वाटतं चला जमलं. पण खऱ्या 08 ची फ्रेम चाकांच्या बाहेर असते, चाकं आत लपलेली, एक्सलची (आसाची) टोकं फ्रेमच्या बाहेर येतात आणि त्यांच्यावर क्रँक, म्हणजे छोटा हात, लावून त्याला दांडा जोडलेला. त्या जुन्या मॉडेलला कुठल्यातरी वाफेच्या इंजिनाची चासी (खालचा सांगाडा) घातलेली, म्हणजे चाकं सगळी उघडी आणि फ्रेम आत. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं हो. बाकी चुका मी चालवून घेतो, हँडरेल जाड आहेत तर पितळी तार आणून बदलता येतात, शिडी तुटली तर नवीन करता येते, पण फ्रेमच चुकली तर काय करणार? तसं बघायला गेलं तर सगळ्या ओओ मॉडेलमध्ये (इथल्या नेहमीच्या मापाच्या) घोळ आहेच, बॉडी 1:76 ची आणि दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, हिशोब केला तर खऱ्या रुळांपेक्षा ते सात इंचांनी कमी भरतं! पण ते सगळेच डोळेझाक करतात, मीही करतो.

शेवटी चर्चच्या हॉलमधल्या मॉडेल रेल्वेच्या एका प्रदर्शनात बॅखमन कंपनीचं 08 सापडलं, 2000 च्या आसपास आलेल्या मॉडेलपैकी, हिरवं, दोन्ही टोकांना काळे-पिवळे तिरके पट्टे. फ्रेम बाहेर, क्रँक बाहेर, रेडिएटरसमोरची शिडीसुद्धा जागेवर. विकणारे आजोबा पंचेचाळीस पौंड म्हणाले, मी बॉक्स फाटलाय म्हणून चाळीस म्हटलं, ते हसले आणि बेचाळीसला दिलं. टेस्ट ट्रॅकवर मस्त पळालं.

घरी आणल्यावर मात्र प्रत्येक सांध्यावर, म्हणजे रूळ बदलायच्या जागी, अडखळायला लागलं. शंटर तोकडा असतो ना, करंट घ्यायला चाकं सहाच, त्यातली दोन जरी सांध्याच्या प्लास्टिकवर आली आणि बाकीची मळकट असली की संपलं. उलटं करून कापसाच्या बोळ्याने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून चाकं पुसली, बोळा अक्षरशः काजळासारखा काळा, मग चाकांच्या मागच्या पिकअपच्या (चाकांतून करंट घेणाऱ्या) पट्ट्या चिमट्याने जरा चाकांकडे वाकवल्या. हे करताना एक क्रँक सैल असल्याचं दिसलं, तो जरा तिरका बसला तरी दांडा अडकतो, म्हणून दुसऱ्या बाजूशी जुळवून बसवण्यात सगळा रविवार गेला.

आता कंट्रोलर अगदी थोडासा फिरवला तरी चालतं, मुंगीच्या पावलांनी, आणि दांडा गोल फिरतो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "अरे हे तर परळचंच की!"