पॅक ६३ : नाक माझ्याकडे, अकरा सेकंद

आज सकाळी सव्वासहाला कोल्हापूरजवळच्या वडणग्यात, शेतातल्या मोकळ्या पट्ट्यावर, रिमोटवरच्या हेलिकॉप्टरचं नाक माझ्याकडे वळवून अकरा सेकंद होवर धरला, म्हणजे ते हवेत एका जागी थांबवलं. मेव्हण्याने मोबाइलवर मोजले, मी मोजायच्या परिस्थितीत नव्हतो. बाराव्या सेकंदाला उजवा अंगठा सवयीने उलटा गेला आणि यंत्र ढेकळात जाऊन पडलं. उचललं, फुंकर मारली, परत उडवलं. काही मोडलं नाही.

हे "काही मोडलं नाही" मी गेल्या चार महिन्यांत चाळीस-पन्नास वेळा तरी म्हणालो असेन. पहिलं हेलिकॉप्टर कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की माझं उत्तर आता तेवढंच आहे. जे पडल्यावर हे वाक्य म्हणता येतं, ते घ्या. हे उत्तर मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून आधी तो हिशेब.

पॅक शून्य

(मी तारखा लिहीत नाही, पॅक मोजतो. एक भरलेली बॅटरी संपली की जॉबच्या वहीत मागच्या पानावर एक रेघ.)

उद्यमनगरात माझी दोन लेथची छोटी शॉप आहे. छंद सोडणाऱ्या एका मित्राकडून ४५० क्लासचं (हा आकाराचा गट) कलेक्टिव्ह पिच, म्हणजे पात्यांचा कोन बदलून वर-खाली होणारं, हेलिकॉप्टर सेकंडहँड घेतलं. ३२५ मिलिमीटरची पाती, तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी, सहा चॅनल, म्हणजे रिमोटवरून चालणारी सहा वेगळी नियंत्रणं. मशीनवरचा माणूस मी, शतांश मिलिमीटरात बोलणारा. हे काय अवघड आहे, असं वाटलं. स्वॉशप्लेट (स्टिकची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) लेव्हल केली, पात्यांचं ट्रॅकिंग बघितलं, लिंकेज मोजून घेतली. सेटिंग खरंच चांगलं झालं होतं. उडवणाऱ्याचं सेटिंग राहिलं होतं.

शॉपच्या मागच्या कोब्यावर चालू केलं. एक स्किड (उतरायचा पाय) उचलली, मी घाबरून स्टिक दुसरीकडे ढकलली, पातं कोब्याला लागलं. पुढचं सगळं एका सेकंदात झालं. दोन्ही पाती गेली, टेल बूम, म्हणजे शेपटीचा दांडा, कापली गेली, मेन गिअरचे दात उडाले. पाच मिलिमीटरचा मेन शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावला तर काटा पंधरा शतांश हलला, म्हणजे शाफ्ट वाकला होता. पात्याचा एक तुकडा पत्र्याच्या दारात रुतून बसला होता. भाचा त्या दारापासून चार पावलांवर उभा होता.

रात्री झोप येईना, म्हणून टर्निंगचं कटिंग स्पीड काढतो तोच फॉर्म्युला पंख्याला लावला. व्यास ७०० मिलिमीटर, फेरे मिनिटाला २८०० धरले. पात्याच्या टोकाचा वेग निघाला मिनिटाला सहा हजार मीटरच्या वर, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटर. कार्बाइड टिपने माइल्ड स्टील घेताना आम्ही दीडशे-दोनशे मीटरवर काम करतो, आणि तेव्हाही डोळ्यांना गॉगल असतो.

आबा तरुणपणी तालमीत होते. मोडका सांगाडा बघून एवढंच म्हणाले, "पयल्या दिवशी कुस्ती कोन धरतंय रं? आधी हौदा खणायचा असतोय." ४५० माळ्यावर गेलं.

निवड

आता लहान शोधायचं हे ठरलं, पण लहानातही तीन जाती निघाल्या.

पहिली कोअॅक्सियल. एकावर एक दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. एकाचा पीळ दुसरा खातो, म्हणून शेपटीच्या पंख्याला अंग सावरायचं काम उरत नाही. वरच्या पंख्यावर वजन लावलेला दांडा असतो, तो सगळं आपोआप सरळ ठेवतो. भाच्याकडे महाद्वार रोडवरून आणलेलं साडेतीन चॅनलचं, इन्फ्रारेड रिमोटचं असंच एक होतं. घरात झकास उडतं. भर दुपारी गच्चीवर नेलं आणि रिमोट आंधळा झाला, उन्हातल्या इन्फ्रारेडपुढे त्या बिचाऱ्याचं काय चालणार! शेजारच्या कौलांवरून काठीने काढलं. आठ-नऊ वर्षांच्या पोराला द्यायचं तर हेच द्या. पण स्टिक सोडली की ते स्वतः थांबतं, आणि साडेतीन चॅनलवाल्यात डावी-उजवीकडे सरकणं मुळातच नसतं. म्हणजे हेलिकॉप्टरमधली खरी गोम शिकायला मिळतच नाही.

दुसरी जात सध्या फार दिसते. एकच मुख्य पंखा, आत जायरो (कलणं ओळखून सावरणारा सेन्सर) आणि वर हवेच्या दाबावर चालणारं अल्टिट्यूड होल्ड. स्टिक मधे ठेवा, उंची तेच धरतं. मेव्हण्याच्या पोराचं उडवून बघितलं. पाच मिनिटांत मी उस्ताद झालो आणि तिथेच मला शंका आली. डाव्या अंगठ्याने काही कामच केलं नव्हतं. सगळं अंग आपोआप धरून ठेवणारं यंत्र नुसतं उडवण्याच्या मजेसाठी उत्तम, त्यात वाईट काही नाही. पण ज्याला पुढे कधीतरी माळ्यावरचं खाली काढायचंय, त्याने हे होल्ड बंद करता येत असेल तरच घ्यावं.

तिसरी, साधी चार चॅनल फिक्स्ड पिच. थ्रॉटल (वर-खाली), रडर (नाक फिरवणं), एलेव्हेटर (पुढे-मागे), एलेरॉन (डावी-उजवी), चारही आपल्या अंगठ्यांवर. पात्यांचा कोन कायम, उंची फेऱ्यांवर. जायरो सरळ उभं राहायला मदत करतो, पण जागेवर थांबवायचं काम आपलंच. मी व्ही९११एस नावाचं मॉडेल घेतलं. पंखा वीतभराचा, पाती लवचिक प्लास्टिकची, बॅटरी एका सेलची. तळहातावर ठेवलं तर वजन जाणवतही नाही, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. पडताना अंगात जोरच नसतो, त्यामुळे मोडायला काही कारण लागतं.

घेताना मी मॉडेलपेक्षा सुट्या भागांकडे जास्त बघितलं. पाती, टेल मोटार (शेपटीच्या पंख्याची), स्किड, कॅनॉपी (पुढचं टोपण), बॅटरी हे पाच भाग भारतातल्याच विक्रेत्याकडे सुटे मिळतायत ना? मिळत नसतील तर यंत्र कितीही देखणं असो, पहिल्या टेल मोटारीबरोबर ते शोकेसमध्ये जातं. दुसरं, ट्रान्समीटर मोड टू आहे का बघा, म्हणजे थ्रॉटल डाव्या हाताला. मोड वनमध्ये तो उजवीकडे असतो. ज्याच्याकडून शिकणार त्याचाच मोड घ्या. अंगठ्यांना एकदा लागलेलं वळण बदलत नाही.

पॅक १ ते ९

रात्री मशीन बंद झाल्यावर शॉपमध्येच. जागा साधारण चौदा बाय वीस फूट, वारा नाही, सिलिंग फॅन बंद. पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकलो, जी तुम्हाला कुणी सांगणार नाही कारण तुम्ही लेथ शॉपमध्ये उडवत नाही. मोटारीत चुंबक असतो आणि खाली बिडाचा भुसा असतो. तीन पॅकनंतर मोटार खरखरायला लागली. तेव्हापासून आधी झाडू, मग ताडपत्री, मग हेलिकॉप्टर.

खराट्याच्या दोन काड्या फुली करून स्किडला रबरबँडने बांधल्या, टोकांना थर्माकोलचे मणी. दिसायला कोळ्यासारखं झालं, पण कलंडणं बंद झालं.

सुरुवातीला मी घोट्याच्या उंचीवर तरंगवायचा प्रयत्न करत होतो, पडलं तरी कमी लागेल म्हणून. ते उलटं आहे. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीपर्यंत त्याचीच हवा जमिनीवर आपटते आणि ते त्या गादीवरून घसरत राहतं. कमरेपर्यंत नेलं की शांत होतं. पॅक ६ ला हे डोक्यात शिरलं, तोवर मी ट्रिमला (एका बाजूला सरकणं मोडायच्या रिमोटवरच्या बटणांना) शिव्या घालत होतो.

आणि थ्रॉटल. फिक्स्ड पिचमध्ये फेरे वाढायला क्षणभर जातो, म्हणून उत्तर उशिरा येतं. खाली यायला लागलं की मी जास्त द्यायचो, मग छताकडे झेपावलं की एकदम सोडायचो. झोका थांबायचाच नाही. आधीच थोडं द्यायचं आणि लगेच थोडं काढायचं, हे अंगठ्याला कळायला नऊ पॅक लागले.

पॅक १० ते ३०

फक्त शेपटी माझ्याकडे ठेवून होवर. रोज रात्री वीस मिनिटं संगणकावर सिम्युलेटर, त्याची नोंद वहीत नाही. कंटाळवाणा काळ. आबांचा हौदा तो हाच.

पॅक ३१, ऊस

हात बसला म्हणून बाहेर काढलं. विद्यापीठाकडचा माळ जवळ होता, पण उजळाईवाडीचा विमानतळ त्याच बाजूला, म्हणून तो विचार सोडला. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो गटात येतं आणि त्याला पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. पण विमानतळाजवळच्या हद्दीचे नियम वेगळे असतात. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडून बघावा आणि मग घर सोडावं. पेठेतल्या मैदानावर फुटबॉलची पोरं. शेवटी वडणग्याला मेव्हण्याच्या शेतावर गेलो. ऊसतोड होऊन एक पट्टा मोकळा झाला होता.

बाजूच्या शेजाऱ्याचा ऊस उभा होता, हे मी विचारात घ्यायला हवं होतं. आठ वाजून गेलेले, हवा हलायला लागलेली. फिक्स्ड पिचवर समोरून झुळूक आली की ते पतंगासारखं वर चढतं. थ्रॉटल कमी केला, ते मागे वाहत गेलं, मी एलेव्हेटर पुढे दिला तोवर उसात गडप.

पाऊण तास शोधलं. पाल्याने हात चिरले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, जरा फिरवा की पंखा, आवाजावर जाऊ." मी थ्रॉटल दिला. फडफड ऐकू आली, मिळालंही, पण पाती पाल्यात अडकलेली असताना मोटारीला करंट देणं म्हणजे तिला भाजणंच. मेन मोटार त्याच संध्याकाळी गेली. म्हणजे यंत्र पडलं त्याने काही बिघडलं नव्हतं, शोधण्यात मोडलं.

तेव्हापासून नियम एकच. काही टेकतंय असं दिसलं की थ्रॉटल शून्य. वाचवायला जायचं नाही. पडू द्यायचं. हे हाताला पटवणं होवरपेक्षा अवघड गेलं.

बॅटरीबद्दल थोडं

एका सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेली की तिचं आयुष्य संपलं म्हणा. मी घड्याळ लावून पाचव्या मिनिटाला उतरवतो, विसावल्यावर ३.७ च्या वर दिसली की समाधान. आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ वर ठेवायची, पूर्ण भरून कपाटात नाही. चार्जिंग गच्चीवर मातीच्या कुंडीत, आणि मी समोर बसून. फुगलेली बॅटरी "एकदा बघू" म्हणून लावायची नाही. थंडीत पहाटे बॅटरी मरगळते, म्हणून शेतावर जाताना शर्टाच्या खिशात.

पॅक ४० ते ६३

शेपटी माझ्याकडे असताना सगळं सरळ असतं. नाक वळलं की डावं-उजवं उलटतं, पुढे-मागेही. डोक्याने उलटा हिशेब करत बसलो तर तोवर ते जमिनीवर असतं. मी आधी पंचेचाळीस अंश डावीकडे, मग उजवीकडे, मग पूर्ण आडवं, असं चढत गेलो. प्रत्येकाला चार-पाच पॅक. डावी बाजू बसली, उजवी अजून कच्ची आहे. का, माहीत नाही. लेथवरही मी डाव्या हाताच्या बाजूलाच बरा.

नाक समोर असताना एक युक्ती कामाला आली. ज्या बाजूला यंत्र कलतंय, स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू खाली जाणाऱ्या अंगाला टेकू देतोय. हिशेब नाही, फक्त टेकू. पॅक ५८ ला तीन सेकंद, ६१ ला सहा, आज अकरा.

आता शेपूट एका बाजूला पळायला लागलं आहे, ट्रिम टोकाला नेऊनही. थ्रॉटल जरा जोरात दिला की सगळं अंग फिरतं. लहान ब्रशवाली टेल मोटार झिजली की असंच होतं, ट्रिमचा दोष नाही. दोन मागवल्या आहेत, एक लावायला आणि एक डब्यात. सोल्डरिंग भाच्याकडून करून घेणार आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

मोटारी येईपर्यंत सिम्युलेटर. माळ्यावरच्या ४५० साठी नवीन शाफ्ट कधीच आणून ठेवलाय. काल रात्री तो उगाच काढून डायलखाली फिरवून बघितला. काटा जागचा हलला नाही. परत तेलकट कागदात गुंडाळून ठेवला.